क्लाउडचा ठराव करण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केंद्र सरकारने जून 2022 मध्ये 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला 2,516 कोटी रुपयांची मंजुरी देऊन क्लाउडवर (म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने वापरायच्या दूरच्या संगणकांवर) आधारित सामाईक सॉफ्टवेअरचा मार्ग धरला, तेव्हापासून खान्देशातील विकास सोसायट्या, नागरी पतसंस्था आणि जिनिंगवाले यांच्यातही आपला सर्व्हर क्लाउडवर न्यावा का, याची चर्चा आहे. लेखापरीक्षणाच्या निमित्ताने संस्थांची इतिवृत्ते वाचताना मात्र या विषयावर ‘कमी दराचे कोटेशन सर्वानुमते मंजूर’ यापलीकडे क्वचितच काही आढळते.

मुळात तुलनाच अर्धवट होते. भुसावळचा पारा 45 अंशांपुढे जातो तेव्हा जिन्याखालच्या खोलीतील सर्व्हरसाठी रात्रंदिवस एसी चालतो, यूपीएसच्या बॅटऱ्या बदलाव्या लागतात. हा खर्च वीजबिलात आणि ‘किरकोळ दुरुस्ती’त विरून जातो व समोर येते ते फक्त क्लाउडचे मासिक भाडे. जिनिंगचे काम हंगामी असल्याने वापराप्रमाणे पैसे देणे त्यांना परवडू शकते. पतसंस्थेचा व्यवहार बाराही महिने सारखाच चालतो, त्यामुळे तिथे बचत होईलच असे नाही, शिवाय इंटरनेटची दुसरी लाइन घ्यावी लागते, कारण रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली की काउंटर बंद.

दरापेक्षा महत्त्वाचा प्रश्न बाहेर पडण्याचा आहे. करार संपल्यावर कर्जखात्यांची माहिती किती दिवसांत, कोणत्या स्वरूपात परत मिळेल आणि तिचे वेगळे शुल्क किती, हे करारातच लिहून घ्यावे. खातेदारांची माहिती दुसऱ्याकडे सोपवली तरी 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संस्थेलाच उत्तरदायी धरले आहे. जुलै 2024 मध्ये एका तंत्रज्ञान पुरवठादारावर सायबर हल्ला झाला तेव्हा सुमारे 300 लहान बँकांची पेमेंट सेवा थांबली होती. त्या वेळी खातेदार पुरवठादाराकडे नव्हे, आपल्या शाखेतच विचारणा करणार, हे उघड आहे.

म्हणून सहकार खात्याने एवढी अट घालावी : ठरावापूर्वी पुरवठादाराने संस्थेचा बॅकअप संचालकांसमोर वेगळ्या संगणकावर उतरवून दाखवावा, त्यावरून काढलेले तेरीजपत्रक (सर्व खात्यांच्या शिल्लक रकमांचा तक्ता) मूळ दप्तराशी ताडून पाहावे आणि त्याची नोंद इतिवृत्तात घ्यावी.

आपला,
एक लेखापरीक्षक, अमळनेर