टायर घेताना तारीख वाचा

संपादक साहेब, स.न.

एसयूव्हीचे टायर बदलायला गेलं की दुकानदार आधी डिस्काउंट सांगतो, टायर कधी बनला ते कोणी सांगतच नाही. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, चार आकडे असतात, 2324 म्हणजे 2024 चा 23वा आठवडा, ते स्वतः वाकून वाचा ना भाऊ. साइज जुळली तरी लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, गाडीच्या कंपनीने दिलाय त्यापेक्षा कमी नको, घरची सगळी मंडळी अन् वर कॅरिअरवर सामान घेऊन समृद्धीवर जायचं असतं आपल्याला, तेही नागपूरच्या उन्हात. दोनच बदलणार असाल तर नवे मागे लावा, पुढे लावायचा सल्ला सर्रास देतात पण ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरली की गाडी सावरणं कठीण. अन् ते जाड गोट्यांचे, कच्च्या रस्त्यांसाठीचे ऑल-टेरेन टायर सीताबर्डीच्या ट्रॅफिकमध्ये कशाला हवेत? नुसता आवाज.

– एक वाचक, नागपूर