नळाची टेप, ट्रॅक्टरचं इंजिन

दिनांक: 14 नोव्हेंबर 2025

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख, मुख्य कार्यालय

विषय: तुमच्या अधिकृत वर्कशॉपने दोनदा फोडलेला आणि शेवटी इंजिन जाम झालेला माझा ट्रॅक्टर

महोदय,

आज सकाळी तुमच्या टोल-फ्री नंबरवर सव्वीस मिनिटं गाणं ऐकलं. मग एका मुलीने विचारलं, "सर, आपने ट्रैक्टर एक बार बंद करके फिर से चालू किया क्या?" क्रँकच्या पुलीला पाना लावला तरी इंजिन फिरत नाही, हे तिला तीनदा सांगितलं. "आपकी शिकायत दर्ज कर ली गई है." ही दर्ज झालेली पाचवी तक्रार. तिच्यावर राग नाही, समोर लिहिलेलं ती वाचते. पण तुमच्यासमोर कोणी काही लिहून ठेवत नाही असं दिसतं, म्हणून मीच लिहितो.

6 ऑक्टोबरला ट्रॅक्टर क्लचसाठी दिला. 2 तारखेला दसऱ्याच्या दिवशी फळासाठीची गोडी छाटणी उरकली होती. छाटणीनंतर द्राक्षबागेत ट्रॅक्टर किती लागतो हे तुम्हाला ठाऊक असणारच. जाहिरातीत फवारणीचा ब्लोअर जोडलेला हाच ट्रॅक्टर बागेतून फिरवता. दोन दिवस सांगून पाच दिवस लावले. ट्रॅक्टर मधून फोडला, म्हणजे उघडून दोन भाग वेगळे केले, नवी क्लचप्लेट टाकली, 18,640 रुपये घेतले. चौथ्या दिवशी भरलेल्या ब्लोअरसकट चढावर क्लच सुटायला लागला. पुन्हा वर्कशॉप, पुन्हा फोडला. क्रँकच्या मागच्या, तेल अडवणाऱ्या ऑइल सीलचा ओठ दुमडला होता आणि नवी प्लेट तेलाने न्हाली होती. सील पहिल्याच वेळी बसवताना दुमडली, हे त्यांच्याच एका पोराने मला गेटवर हळूच सांगितलं. तरी दुसऱ्या प्लेटचे पैसे घेतलेच. कारण काय, तर क्लचप्लेट हा झिजणारा पार्ट, वॉरंटीत बसत नाही. साहेब, चार दिवसांत ती झिजली नाही, भिजली.

या दोन्ही वेळी मला आत येऊ दिलं नाही. 'ग्राहकांना प्रवेश नाही' अशी पाटी आहे. एसीच्या काचेच्या खोलीत बसवतात, कागदी कपात चहा देतात.

मध्ये दिवाळी आली. ट्रॅक्टर 27 तारखेला मिळाला. सील बदलताना इंजिन ऑइल काढून नवं भरलं होतं, तसं बिलात आहे. 29 ला पाऊस उघडला म्हणून पहाटेच डाउनी या बुरशीच्या रोगावरची फवारणी धरली. निघण्यापूर्वी डिपस्टिक पाहिली, तेल वरच्या खुणेवर होतं. हे वाक्य कृपया दोनदा वाचा, तुमच्या लोकांनी एकदाही ऐकलेलं नाही. सातवी ओळ चालू असताना खालून टकटक ऐकू आली. मीटरच्या काचेवर औषधाचा थर बसलेला, तो हाताने पुसला तेव्हा ऑइलचा लाल दिवा दिसला. बंद करायला हात जाईपर्यंत इंजिन आपणच बंद झालं.

मग ओळीतून उलटा चालत गेलो. दोन चाकोऱ्यांच्या मधोमध तेलाची रेघ होती, मागे मागे बारीक होत गेलेली. पाचव्या ओळीत, मांडवाच्या अँगलच्या बुडाशी, चिखलात इंजिनातलं तेल काढायचा ड्रेन प्लग सापडला. पाण्याने धुतला तर आट्यांवर पांढरी टेप. नळाला लावतात ती. तांब्याचं वॉशर नव्हतंच. इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरच्या भोकात बोट घातलं तर आटे गुळगुळीत. पान्याला पाइप लावून कोणीतरी जोरात आवळलं, आटे गेले, आणि सांगण्याऐवजी टेप गुंडाळून प्लग दाबून बसवला.

आता तुमच्या सर्व्हिस मॅनेजरसाहेबांबद्दल. हे थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं, पण जमेल असं वाटत नाही.

मी प्लग त्यांच्या टेबलावर ठेवला. खाली पेपर घातला, टेबल स्वच्छ होतं म्हणून. त्यांनी पेनच्या टोकाने तो फिरवून पाहिला, हात लावला नाही.

"हे आमच्याकडचं काम नाही."

"मग कोणाकडचं?"

"काका, तुमची द्राक्षबाग आहे ना?"

"आहे."

"ठिबक असेल?"

"आहे."

"मग घरात टेफ्लॉन टेप असेलच."

"असणारच की."

"बघा!" असं म्हणून खुर्चीत मागे रेलले आणि शेजारच्या पार्ट्सवाल्याकडे बघून हसले. तोही हसला. लागला निकाल! घरात टेप आहे, म्हणजे इंजिन मीच मारलं. या हिशोबाने निफाड तालुक्यात निम्मी गावं आरोपी आहेत. पुढे म्हणाले, "आणि काम तर तुमच्यासमोरच झालंय." माझ्यासमोर! मी काचेच्या खोलीत होतो, साहेब. 'ग्राहकांना प्रवेश नाही' ही पाटी तुमचीच आहे. काचेतून मला फक्त बोनेट दिसत होतं. वर उपदेश, की ऑइल बघणं ग्राहकाची जबाबदारी असते, पुस्तिकेत लिहिलंय. पुस्तिका मी वाचलीय. ओळीच्या मध्यावर ट्रॅक्टर थांबवून चेंबरखाली झोपा आणि प्लग जागेवर आहे का बघा, असं तीत कुठे लिहिलंय ते पान कळवावं.

इंजिनाच्या कामाचा अंदाज 74,300 रुपये दिलाय. क्रँक ग्राइंडिंग, मेन आणि बिगएंड बेअरिंग, नवा चेंबर. नवा चेंबर का लागतो, हे मात्र कागदावर लिहायला कोणी तयार नाही. तेव्हापासून भावकीतला ट्रॅक्टर फवारणीमागे बाराशे देऊन आणतो. त्याची फवारणी झाल्यावर माझा नंबर लागतो, आणि डाउनी नंबर लावून थांबत नाही. यंदा मे महिन्यापासून पाऊस, घड मुळातच कमी. जे आहेत तेही पानांखाली हात घालून मोजावे लागतात.

वडिलांनी 1991 साली तुमचाच ट्रॅक्टर घेतला. तो लिंबाखाली उघडणारा आमचा मिस्त्री चौथी शिकलेला होता. पण काढलेलं प्रत्येक जुनं वॉशर तो वडिलांच्या हातावर ठेवायचा, हे बघा आणि मग टाका. तुमच्या वर्कशॉपने दोन प्लेटा आणि एक सील बदलली, जुनं एकही मला दाखवलं नाही. कसं दाखवणार, आत प्रवेशच नव्हता. हे परत लिहितोय, माहीत आहे. परत लिहावंसं वाटतं.

इंजिन पूर्ण तुमच्या खर्चाने आणि माझ्यासमोर, काचेशिवाय बांधून द्यावं. दुसऱ्या क्लचप्लेटचे आणि मजुरीचे पैसे परत करावेत. आजपर्यंतच्या भाड्याच्या फवारण्या भराव्यात, पावत्या सोबत जोडल्या आहेत. पंधरा दिवस वाट बघतो. त्यानंतर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो तिथेच तक्रार करता येते, मला तुमच्या मुख्य कार्यालयाच्या गावी यावं लागत नाही, तुम्हाला इकडे यावं लागेल. पाच लाखांपर्यंत फीसुद्धा नाही. वकील भाचाच आहे आणि तो सध्या रिकामा आहे.

प्लग माझ्याकडे आहे, टेपसकट, फडक्यात बांधून. फोटो जोडलाय, वस्तू देणार नाही. बघायची असेल तर माणूस पाठवा. आमच्याकडे काचेची खोली नाही, ओट्यावर बसवू.

आपला ग्राहक,
ता. निफाड, जि. नाशिक

ता. क.: पत्र लिहीत असतानाच तुमच्या डीलरकडून फोन आला. कंपनीतून विचारलं तर सर्व्हिसला दहापैकी दहा द्या काका, नाहीतर पोरांचा इन्सेन्टिव्ह कापतात, म्हणे. कोणत्या पोराचा, ते विचारायचं राहिलं. गेटवर बोलणाऱ्याचा असेल तर दहा देतो.