नव्या वर्षाची भाकितं छापा, पण शेजारी मागच्या वर्षीचा निकालही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुमची ती पुरवणी येते, येत्या वर्षात लोक काय खाणार, कुठला व्यायाम करणार, कुठला धंदा जोरात चालणार आणि कुठलं गॅजेट सगळ्यांच्या हातात दिसणार, आणि मी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो, खोटं कशाला बोलू, मजा येते. तक्रार त्या मजेबद्दल नाहीये. हीच पुरवणी मागच्या डिसेंबरलाही आली होती, त्याच्या आधीच्या डिसेंबरलाही, आणि त्यात जे जे छातीठोकपणे सांगितलं होतं त्याचं पुढे काय झालं हे एका ओळीनेसुद्धा कधी छापून आलेलं मी पाहिलेलं नाही. मॅचच्या आधी अंदाज छापला की दुसऱ्या दिवशी स्कोअर छापावाच लागतो ना? मग इथेच का नाही.

बॉब मेटकाफ म्हणून एक गृहस्थ आहेत, कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारं इथरनेट ज्यांच्या डोक्यातून निघालं त्यातले एक, म्हणजे या विषयातला माणूस. त्यांनी १९९५ च्या डिसेंबरमध्ये इन्फोवर्ल्ड या कॉम्प्युटरविषयक साप्ताहिकातल्या आपल्या सदरात लिहिलं की १९९६ मध्ये इंटरनेट कोसळणार, आणि तसं झालं नाही तर मी माझं लिहिलेलं खाईन असंही बोलून बसले. इंटरनेट काही कोसळलं नाही. १९९७ मध्ये वेबवरच्या एका मोठ्या परिषदेत त्यांनी सगळ्यांसमोर ते सदराचं पान पाण्यासकट मिक्सरमध्ये फिरवलं आणि पिऊन टाकलं. तुमच्या लेखकांनी पुरवणी प्यावी असं माझं म्हणणं अजिबात नाही (शाई बरी नसते तब्येतीला), पण मेटकाफ यांनी वर्ष सांगितलं होतं, काय होणार ते सांगितलं होतं, म्हणून ते चुकलेत हे कळू तरी शकलं. तुमच्या पुरवणीतली वाक्यं बघा, 'कल वाढताना दिसेल', 'अनेकजण वळतील', 'महत्त्व अधोरेखित होईल'. ही चुकूच शकत नाहीत. दोन माणसं वळली तरी 'अनेकजण' झालेच की. राशिभविष्याचं सदरही याच भाषेत असतं, पण ते निदान करमणुकीच्या पानावर असतं.

आता याच्या उलट एक बघा. १९६५ मध्ये गॉर्डन मूर यांनी लिहिलं की चिपवरच्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होतेय, आणि हाच वेग राहिला तर १९७५ पर्यंत एका चिपवर ६५,००० घटक बसतील. आकडा आहे, साल आहे, झालं. आणि १९७५ मध्ये त्यांनी स्वतःच हिशोब परत मांडून वेग कमी केला, दर दोन वर्षांनी दुप्पट. आज जो मूरचा नियम म्हणून सगळे सांगतात तो असा दुरुस्त केलेला अंदाज आहे.

मी स्वतः अनेक वर्षं मालाच्या मागणीचा अंदाज बांधायचं काम केलंय, त्यामुळे हे जरा जास्तच खुपतं. तिथे 'मागणी वाढण्याची शक्यता' असं लिहून चालत नाही, किती पेट्या ते सांगावं लागतं, आणि चुकलं की गोदामात माल पडून राहतो, सगळ्यांना दिसतो. तिथे एक गोष्ट लवकर कळते, की मागच्या वर्षी याच महिन्यात जेवढं खपलं साधारण तेवढंच यंदा खपेल हा सगळ्यात आळशी अंदाज हरवायला भलताच अवघड असतो. हे माझं एकट्याचं मत नाही. स्पायरोस मक्रिडाकिस यांनी अंदाजाच्या पद्धतींच्या मोठमोठ्या स्पर्धा घेतल्या, पहिलीचा निकाल १९८२ चा, आणि त्या पहिलीतच असं निघालं की गुंतागुंतीच्या पद्धती साध्या पद्धतींपेक्षा सरस ठरतातच असं नाही. पण 'पुढचं वर्ष बरंचसं यंदासारखंच असेल' या मथळ्यावर पुरवणी निघत नाही, ही तुमची अडचण मला कळते.

तज्ज्ञांना विचारतो आम्ही, असं तुम्ही म्हणाल. मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी २८४ तज्ज्ञांची भाकितं वीसेक वर्षं नोंदवून तपासली. विषय राजकारण आणि अर्थकारणाचा होता, खाण्यापिण्याचा नव्हता हे खरं, पण सरासरी तज्ज्ञ अंदाजपंचे ठोकणाऱ्यापेक्षा फारसा पुढे नव्हता, आणि जे जास्त प्रसिद्ध, ज्यांना सारखं बोलावलं जातं, ते उलट जास्त चुकत होते. कारण साधं आहे, ठाम बोलणाऱ्यालाच परत बोलावतात. पुढे २०११ पासून अमेरिकी गुप्तचर खात्याच्या पैशाने भाकितांच्या स्पर्धा झाल्या, त्यात टेटलॉक यांच्या टीममधले साधे हौशी लोक चमकले, आणि त्यांची युक्ती काय तर टक्केवारीत बोलायचं, नवी माहिती आली की आकडा थोडा हलवायचा, आणि आपला निकाल तपासत राहायचं.

दुसरा प्रॉब्लेम म्हणजे भाकीत एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना बदलतं. 'निम्मे सर्च आवाजाने होणार' हे तुम्हीपण वाचलं असेल, काही वर्षांपूर्वी जिथे तिथे होतं. २०१४ मध्ये एआय संशोधक अँड्र्यू इंग, तेव्हा चिनी सर्च कंपनी बायडूमध्ये होते, ते म्हणाले होते की पाच वर्षांत निम्मे सर्च आवाज किंवा फोटो यांनी होतील. पुढे त्यातला फोटो गळाला, पाच वर्षांचं '२०२०' झालं, वर भलत्याच संस्थेचं नाव चिकटलं आणि कंपन्यांच्या मीटिंगमध्ये स्लाइडवर फिरायला लागलं. २०२० आलं आणि गेलं, लोक अजून टाइपच करतायत. तसंच मेटाव्हर्स, म्हणजे इंटरनेटवरचं आभासी जग. फेसबुकने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीचं नाव बदलून मेटा केलं, चारच महिन्यांनी गार्टनर या संशोधन कंपनीने सांगितलं की २०२६ पर्यंत २५ टक्के लोक रोज किमान तासभर मेटाव्हर्समध्ये असतील. घोडामैदान जवळ आहे, तुमच्या ओळखीतल्या चारांपैकी कोण असतो ते विचारून बघा. गार्टनरचं कौतुक एवढ्यासाठीच की त्यांनी आकडा आणि साल दिलं.

डॉक्टरांच्या बाबतीतही हेच. २०१६ मध्ये एआय संशोधक जेफ्री हिंटन, ज्यांना पुढे २०२४ चं नोबेल मिळालं तेच, म्हणाले की रेडिओलॉजिस्ट (एक्स-रे, स्कॅन वाचणारे डॉक्टर) तयार करणं आता थांबवा, पाच वर्षांत मशीन त्यांच्यापेक्षा चांगलं काम करेल, फार तर दहा लागतील. पाच केव्हाच उलटली. एआय आलं, स्कॅन वाचायला मदतही करतं, पण रेडिओलॉजिस्ट आहेत तिथेच आहेत, कारण त्यांचं काम म्हणजे नुसतं फोटोत डाग शोधणं नाही. तंत्रज्ञान कुठे जाणार हे बरोबर कळलं म्हणून माणसाचं काम कुठे जाणार हे कळतंच असं नाही.

कोरोनाच्या काळात तर 'आता हे कायमचं बदललं' हे वाक्य रोज छापलं जात होतं, सगळीकडेच. जिम संपली, दुकानं संपली, ऑफिस संपलं. घरी व्यायामाची सायकल विकणाऱ्या पेलोटनचा शेअर २०२१ च्या सुरुवातीला दीडशे डॉलरच्या वर होता, पुढच्याच वर्षी दहाच्या खाली. ऑनलाइन दुकानांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या शॉपिफायच्या प्रमुखांनी २०२२ च्या जुलैमध्ये कर्मचाऱ्यांना स्पष्ट लिहिलं की ऑनलाइन खरेदी कायमची पाच-दहा वर्षं पुढे उडी मारेल यावर आम्ही पैज लावली होती आणि ती चुकली, आणि जवळपास दहा टक्के लोकांच्या नोकऱ्या गेल्या. चुकीच्या भाकिताची किंमत कोणीतरी मोजतंच असतं, फक्त भाकीत करणारा मोजतोच असं नाही.

खाण्याचं उदाहरण द्यायचं तर वनस्पतींपासून बनवलेलं 'मांस' घ्या. बियॉन्ड मीटचा शेअर २०१९ च्या मेमध्ये २५ डॉलरला बाजारात आला, जुलैत दोनशेच्या पार, आणि त्या दोन महिन्यांच्या जोरावर मांसाहार संपणार अशा चर्चा झडल्या. नंतर तोच शेअर दहाच्या खाली घसरला. लोकांनी कुतूहल म्हणून एकदा खाल्लं, पण दुसऱ्यांदा घेतलं का, हा प्रश्न विचारायचा असतो आणि तो कोणी विचारत नाही, पहिल्या खरेदीच्या आकड्यावरच ट्रेंड जाहीर होतो. चर्चिल यांनी तर १९३१ मध्येच लिहिलं होतं की पन्नास वर्षांत आपण फक्त कोंबडीची छाती किंवा पंख वेगळे वाढवून खाऊ. दिशा चुकली नव्हती. पण प्रयोगशाळेत वाढवलेल्या चिकनला विक्रीची पहिली परवानगी सिंगापूरने दिली ती २०२० च्या डिसेंबरमध्ये.

वेळेचं गणित खरंच सगळ्यात अवघड. क्यूआर कोड १९९४ चा, जपानमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवायला काढलेला. नंतर मार्केटिंगवाल्यांनी तो जाहिरातींवर चिकटवला, कोणी स्कॅन करेना, टिंगल झाली, मेला म्हणून जाहीर झाला. मग फोनचा कॅमेराच वेगळ्या ॲपशिवाय तो वाचायला लागला, आयफोनमध्ये २०१७ पासून, वर साथीमुळे कोणालाच कशाला हात लावायचा नव्हता, आणि मेलेला कोड मेन्यूपासून तिकिटापर्यंत सगळीकडे. व्हिडिओ कॉलचं मशीन तर एटीअँडटीने १९६४ मध्ये लोकांना दाखवलं होतं. तेव्हा 'हे चालणार नाही' म्हणणाराही बरोबर होता आणि 'चालणार' म्हणणाराही, फक्त कधी ते कोणी सांगितलं नव्हतं.

आणि सर्चच्या आकड्यांवर विसंबू नका, हे खास तुमच्या आरोग्य पानासाठी. गूगलने २००८ मध्ये लोकांच्या सर्चवरून फ्लूची साथ ओळखायची सोय काढली, खूप वाहवा झाली. २००९ च्या स्वाइन फ्लूची पहिली लाट तिला पकडता आली नाही, आणि २०१२-१३ च्या हंगामात तिने अमेरिकेच्या सरकारी नोंदींच्या जवळपास दुप्पट फ्लू दाखवला, कारण बातम्या वाचून घाबरलेले धडधाकट लोकही फ्लूबद्दलच शोधत होते. २०१५ मध्ये ती बंद झाली. तुमच्या पुरवणीत गूगल ट्रेंड्सचा आलेख असतो ना, 'सर्च १०० वर पोचले' असं काहीतरी, तर तो १०० म्हणजे किती लोकांनी शोधलं ते नाही, निवडलेल्या काळातला स्वतःचा सर्वोच्च बिंदू म्हणजे १००, मग तो कितीही छोटा असो.

मग खरं काय येतंय ते कळतच नाही का? कळतं की, पण कंटाळवाण्या जागी. वजन कमी करायची इंजेक्शनं घ्या. त्यातल्या सेमाग्लुटाइड या औषधाला मधुमेहासाठी अमेरिकेत मंजुरी २०१७ मध्ये मिळाली, वजनावरच्या मोठ्या चाचणीचा निकाल २०२१ च्या सुरुवातीला छापून आला, ६८ आठवड्यांत सरासरी जवळपास १५ टक्के वजन कमी, आणि जूनमध्ये वजनासाठीही मंजुरी. जगातल्या सगळ्यांना हे वाचता येत होतं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये वॉलमार्टच्या अमेरिकेतल्या प्रमुखांनी सांगितलं की ही औषधं घेणाऱ्यांची खाण्याची खरेदी किंचित कमी होताना दिसतेय, तेव्हा कुठे खाद्य कंपन्यांच्या शेअरवाल्यांना घाम फुटला. औषधातून आहार, आहारातून धंदा, सरळ रस्ता होता. मंजुरीचे कागद, चाचण्यांचे निकाल, पेटंटच्या मुदती, लोकसंख्येचं वय (२०५० मध्ये जे साठीचे असतील ते सगळे आज जन्मलेलेच आहेत), यातलं काहीच चमकदार नाही, पण अंदाज बांधायला हेच लागतं.

त्याऐवजी बरेचदा ज्याला जे विकायचंय तोच सांगतो की यंदा ते चालणार. मॅककॉर्मिक ही मसाल्यांची कंपनी २००० पासून दरवर्षी चवींचं भाकीत काढते, पँटोन ही रंगछटांची कंपनी रंगांचं. त्यात गैर काही नाही, धंदा आहे त्यांचा, आणि सगळ्यांनी मिळून तोच रंग बनवला की दुकानात तोच मिळतो, भाकीत आपोआप खरं. फक्त ते छापताना सांगणाऱ्याचा त्यात काय फायदा ते एका ओळीत लिहा.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक भाकितात काय, किती, कधीपर्यंत आणि किती टक्के खात्री एवढं असावं, आणि मागच्या वर्षीच्याचा निकाल त्याच पानावर. हवामानवाल्यांकडे यासाठी गुण द्यायची पद्धत १९५० पासून आहे, ग्लेन ब्रायर यांची, ९० टक्के खात्री सांगून चुकलात तर जास्त दंड, ६० सांगून चुकलात तर कमी. शाळेतल्या पोरालाही जमेल असं गणित आहे. जागा नसेल तर एखादा मॉडेलचा फोटो कमी करा.

नुसतं दुसऱ्याला शहाणपण शिकवण्यापेक्षा माझीही चार देतो, पुढच्या ३१ डिसेंबरला तपासा. वर्षभरात जगात विकले गेलेले स्मार्ट चष्मे हे विकल्या गेलेल्या स्मार्टफोनच्या दहाव्या हिश्श्याच्याही आत असतील, ९९ टक्के. 'प्रोटीन' या शब्दाचा गूगल ट्रेंड्सवरचा जगभरातला वार्षिक सरासरी आकडा यंदापेक्षा कमी होणार नाही, ६५ टक्के. यंदाच्या पुरवणीत 'प्रत्येक घरात' हा शब्दप्रयोग असलेल्या वस्तूंपैकी एकही वर्षअखेर निम्म्या घरांतसुद्धा नसेल, ९५ टक्के. आणि पुढच्या पुरवणीत मागच्याचा निकाल छापलेला असेल, १५ टक्के.

आपला,
एक नियमित वाचक