राजीनामा लिहिण्याआधी

शहापूर, बेळगाव

चि. मैथिलीस,
अनेक आशीर्वाद.

एजन्सीतली नोकरी सोडून स्वतंत्रपणे चित्रांचं आणि डिझाइनचं काम करायचं ठरलंय, फक्त तारीख ठरायची आहे, असं तू फोनवर म्हणालीस. ठरव की. पण हे पत्र वाचून ठरव. सोडू नको असं मी म्हणणार नाही. तुझा हात चांगला आहे, आणि हे मी आई म्हणून नाही, रोज छपाईच्या फायली उघडणारी म्हणून सांगते. तुझ्या चित्रांची मला काळजी नाही. काळजी आहे ती चित्राभोवतीच्या कामाची. एजन्सीत एक जण गिऱ्हाईकाशी बोलतो, एक कोटेशन काढतो, एक प्रूफ तपासतो आणि एक पैशांसाठी फोन करत बसतो. उद्यापासून ते सगळं तुझ्या अंगावर येणार. त्याचा मोबदला तुझ्या दरात बसला नाही, तर तू पगारापेक्षा जास्त राबशील आणि पगारापेक्षा कमी कमावशील.

म्हणून आधी दर काढ. घरखर्च, विमा आणि बाजूला टाकायची रक्कम मिळून महिन्याला ४५ हजार लागतात असं धरू. वर्षाचे झाले ५ लाख ४० हजार. सॉफ्टवेअरचं भाडं, लॅपटॉपची झीज, इंटरनेट, वीज, सीएची फी असे ९० हजार धर. एकूण ६ लाख ३० हजार. आता दिवस मोज. ३६५ मधून शनिवार-रविवारचे १०४ गेले. सणवार, आजारपण, लग्नकार्य यांचे २५ गेले. उरले २३६. त्यातले शंभराच्या आसपास भेटीगाठी, कोटेशन, बिलं आणि फोनमध्ये जातात, त्यांचे पैसे कुणाकडून मागता येत नाहीत. हातात राहतात साधारण १४० दिवस. भागाकार कर: दिवसाला ४,५०० रुपये, तेही कर न धरता. नवीन मुलं ४५ हजारांना ३० ने भागतात आणि दिवसाचे दीड हजार लावतात. हे म्हणजे खऱ्या दराच्या एक तृतीयांश झालं. सहा महिन्यांत दम निघतो, आणि कारण कळत नाही, कारण काम तर रोज असतं.

या हिशोबाने पाच दिवसांच्या लोगोचे साडेबावीस हजार होतात. गणपत गल्लीतला दुकानदार दोन हजार म्हणेल. त्याच्यावर रागावू नको आणि दरही उतरवू नको. काम उतरव. अर्ध्या दिवसात त्याच्या नावाची अक्षरं नीट मांडून द्यायचे सव्वादोन हजार सांग, एवढंच आणि एकच दुरुस्ती. तुझं पोट भरणारं काम दुसरीकडे आहे: उद्यमबागेतल्या कारखान्यांचे कॅटलॉग, मिठाईवाल्यांचे बॉक्स, पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांची मुखपृष्ठं, शाळांची माहितीपत्रकं.

आता हक्कांचं, इथे मी जरा थांबणार आहे. समज, मिठाईवाल्याला कुंद्याच्या बॉक्सवर चित्र हवंय. तू दिलंस. वर्षभराने तेच चित्र त्याच्या टेम्पोवर, होर्डिंगवर आणि पुण्याच्या शाखेच्या पिशवीवर दिसलं. भांडायला जाशील तर त्याच्याकडे उत्तर तयार: पैसे दिलेत की. कागद नसेल तर त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात निर्मितीचा पहिला मालक निर्माता असतो, पण पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून रंगवलेल्या चित्राच्या बाबतीत, वेगळं ठरलं नसेल तर, सांगणारा मालक ठरू शकतो. म्हणजे पेन्सिल कोऱ्या कागदाला लागायच्या आत ‘वेगळं ठरलं’ पाहिजे. त्याच कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला देणं लेखी आणि सहीचं लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर सगळा भारत. तेव्हा तू लिही: अर्ध्या किलोचा छापील बॉक्स, तीन वर्षं, कर्नाटक आणि महाराष्ट्र. होर्डिंगचे, ऑनलाइन जाहिरातीचे पैसे वेगळे. मूळ लेयरची फाइल दरात धरलेली नाही, हेही त्याच कागदावर येऊ दे. कोणी म्हणेल, एवढ्या छोट्या कामाला करार कशाला? एक पानी मजकूर पुरतो. तो पाठवायला संकोच वाटला तर तो संकोच तुला टेम्पोवर पुन्हा भेटेल.

हाच कायदा उलट्या बाजूनेही लागू आहे. नोकरीत, कामाचा भाग म्हणून काढलेल्या चित्रांचा पहिला मालक एजन्सी. त्यामुळे पोर्टफोलिओत कुठली कामं दाखवू, याची यादी करून ईमेलवर परवानगी घे, आणि ती राजीनाम्याच्या आधी घे. नंतर सगळ्यांचा आवाज बदलतो. नेमणूकपत्रात ‘सोडल्यावर दोन वर्षं याच क्षेत्रात काम करणार नाही’ असं कलम असेल तर घाबरू नको, धंद्यावर असं बंधन १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकत नाही. पण गोपनीयतेचं कलम टिकतं. गिऱ्हाइकांची यादी, दरपत्रक, न छापलेल्या फायली पेनड्राइव्हवर आणू नको.

पोर्टफोलिओत बारा-पंधरा कामं पुरेत, आणि ती एका हाताची दिसू देत. चित्रकार रवी परांजपे बेळगावचेच, इथल्याच चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली शिकलेले. त्यांचं चित्र सही न बघता ओळखू येतं. संपादक असा हात शोधतो. सगळं येतं म्हणणाऱ्याला तो शेवटी फोन करतो.

पैशांचं वेळापत्रक साधं ठेव. अर्धे कामाआधी, पाव कच्च्या रेखाटनाला होकार मिळाल्यावर, पाव अंतिम फाइल देण्याआधी. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या दरात, तिसरीपासून दिवसाच्या हिशोबाने. काम मध्येच थांबलं तर झालेल्या टप्प्याचे पैसे परत नाहीत. दुरुस्त्या एकाच माणसाकडून आणि लेखी घे, नाहीतर भाऊ म्हणतो लाल, मेव्हणा म्हणतो हिरवा, आणि मधे तू.

पहिल्याच महिन्यात उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद, करून टाक. सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते, एजंट मात्र पैसे मागतात. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी मुदत ठरली नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत आणि ठरली असली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत तुझे पैसे यायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज. आपल्यासारख्या सीमेवरच्यांना यातली एक गोष्ट फार उपयोगाची आहे: तक्रार पुरवठादार जिथे आहे तिथल्या, या कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे करता येते, देणेकरी देशात कुठेही असो. मुंबईच्या कंपनीने बिल अडवलं तरी तुला कर्नाटकातच दाद मागता येते. बिलावर उद्यम क्रमांक आणि हे १५/४५ दिवसांचं वाक्य छापून टाक. बहुतेक वेळा तेवढंच पुरतं.

जीएसटीबद्दल इथे लोकांचा मोठा गैरसमज आहे. राज्याबाहेर, म्हणजे कागल, चंदगड, कोल्हापूरला बिल केलं की लगेच नोंदणी लागते असं सांगतात. सेवेला तसं नाही. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तोवर राज्याबाहेरच्या सेवेलाही नोंदणी सक्तीची नाही. पण तू छापलेली चित्रं विकायला लागलीस तर तो माल झाला, आणि राज्याबाहेर माल विकायला सहसा पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. ते सुरू करण्याआधी सीएला विचार. पुढे नोंदणी झालीच, तर कर्नाटकातल्या निपाणीच्या गिऱ्हाइकाला सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा वाटा), महाराष्ट्रातल्या कागलच्याला आयजीएसटी (राज्याबाहेरच्या बिलाचा). जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे बघ: २९ कर्नाटक, २७ महाराष्ट्र. इथे चूक झाली की गिऱ्हाइकाला त्या कराची वजावट मिळत नाही आणि तो पुढचं बिल अडवतो. मोठ्या कंपन्या वर्षाला ५० हजारांच्या वर फी गेली की बहुधा १० टक्के टीडीएस (आगाऊ कापलेला प्राप्तिकर) कापतात. ते पैसे बुडालेले नसतात, प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर तुझ्या नावावर दिसतात. तिमाहीला एकदा तपास.

छपाईचं तुला येतं, तरी पडद्यासाठी काम करणाऱ्यांच्या फायलींत रोज दिसणाऱ्या चुका सांगते. बारीक काळा मजकूर चार रंगांत येतो. प्लेट केसभर सरकली की अक्षराला लाल-निळी सावली पडते. मजकुराला नुसता काळा, १०० टक्के. गडद निळ्यात सायन (निळी शाई) १०० आणि मॅजेन्टाही (गुलाबी शाई) १०० ठेवलं की छापून जांभळा येतो. मॅजेन्टा किमान ३० ने कमी ठेव. कडेला ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापून जाणारा जादा भाग. चित्र खऱ्या मापात ३०० डीपीआय, काळ्या रेघांचं असेल तर ६०० च्या वर. मॅपलिथो, म्हणजे पुस्तकाचा साधा बिनचकाकीचा कागद शाई पितो, मधल्या छटा काळवंडतात, तेव्हा आतल्या पानांसाठी चित्र थोडं उजळ दे. पुस्तकाचं मुखपृष्ठ करताना कणा (बांधणीच्या बाजूची जाडी) अंदाजाने काढू नको. २०० पानं म्हणजे १०० कागद, पाव मिलिमीटरच्या आतबाहेरची अडचण नाही, पण कागदाची जाडी ०.०९ की ०.१ मिमी यावर कणा एक मिलिमीटरने बदलतो, ते प्रेसला विचारल्याशिवाय नाव कण्याच्या मधोमध बसत नाही.

आणि अक्षरं. इथल्या दुकानाच्या पाटीवर २०२४ च्या कायदादुरुस्तीपासून ६० टक्के कन्नड आणि तेही वरच्या भागात लागतं. बाहेरचा डिझायनर उलटी मांडणी पाठवतो आणि सगळी पाटी पुन्हा करावी लागते. दोन्ही लिप्या एकाच मापात ठेवल्या तर शोभत नाहीत: देवनागरी शिरोरेषेला लटकते, कन्नड गोल आणि रुंद असते, तिचे ओत्तक्षर (जोडाक्षरातलं खाली लिहिलं जाणारं अक्षर) ओळीखाली उतरतात. कन्नड ओळीखाली जास्त जागा सोड. बालू २ आणि कन्नडसाठी बालू तम्मा २ हे एकाच घरातले फाँट आहेत, मुक्त परवान्याचे, व्यावसायिक कामाला चालतात. लांब मराठी मजकुराला तिरो देवनागरी मराठी घे, त्यात ल आणि श मराठी वळणाचे येतात. पानं मांडायच्या इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (आपल्या लिप्यांसाठीची सोय) लावायला विसरलीस की ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर जाते आणि जोडाक्षरं सुटतात. प्रेसला देताना आउटलाइन कर, म्हणजे अक्षरांचे आकार करून टाक, पण शुद्धलेखन त्याआधी तपासून घे. एकदा आउटलाइन झालं की ‘दीवाळी’ शोधूनही सापडत नाही.

दिवाळी अंकांचं काम जुलै-ऑगस्टमध्ये वाटलं जातं, म्हणून संपादकांना नमुने मे-जूनमध्ये गेले पाहिजेत. गणपतीच्या मंडळांचं काम त्याच वेळी येतं. दोन्ही घेतलीस तर दोन्हीकडे उशीर होतो, एक निवड. परंपरेप्रमाणे वैशाखात शिवजयंती झाली की चित्ररथांची धावपळ संपते, आणि मग पावसापर्यंत गाव थंड असतं. ते आठवडे नमुने करायला ठेव.

राजीनाम्याआधी तीन कामं उरतात. स्वतःच्या नावाची आरोग्य विमा पॉलिसी घे. कंपनीचं संरक्षण नोकरीबरोबर संपतं, नव्या पॉलिसीत सुरुवातीचे ३० दिवस अपघात सोडून दावा मिळत नाही, आणि आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. क्रेडिट कार्ड पगाराची स्लिप आहे तोवर काढ, नंतर बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागते. पीएफ काढू नको; पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत काढलास तर कर लागतो. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीलाही पाच वर्षं लागतात, तुझी किती भरली ते नेमणुकीच्या तारखेवरून मोज. दोन-तीन महिनेच कमी असतील तर थांब. आणि सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे २ लाख ७० हजार, वेगळ्या खात्यात असल्याशिवाय तारीख घालू नको.

घरी येणार असशील तर वरची उत्तरेकडच्या खिडकीची खोली घे, दिवसभर सारखा उजेड असतो, रंग फसत नाहीत. हेस्कॉमची वीज पावसाळ्यात जाते, तेव्हा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर लागेल. दोन कंपन्यांची इंटरनेट जोडणी घेऊ. फायलींची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर आणि एक क्लाउडवर ठेव.

नेमणूकपत्राची झेरॉक्स आणि शेवटची पगार स्लिप या आठवड्यात पाठव. नोटीस एक महिन्याची आहे की दोन, ते वाचल्यावरच पुढचं बोलू.

तुझी,
आई