बिडाची चौकट

पुणे, १४ जुलै

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

पावसाने पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात, असं परवा फोनवर म्हणालास, तेव्हापासून मला बोस्टनचा पियानो बनवणारा जोनास चिकरिंग आठवतोय.

हा मूळचा सुतार, १७९८ मध्ये न्यू हॅम्पशायरात जन्मलेला. फर्निचरच्या कामात हात बसला होता. अशातच एक बिघडलेला पियानो दुरुस्तीला हाती आला आणि त्याने याला वेडच लावलं. १८१८ मध्ये तो बोस्टनला गेला, एका पियानोवाल्याकडे काम शिकला आणि १८२३ मध्ये जेम्स स्टुअर्टबरोबर स्वतःचं दुकान काढलं.

आता तुझ्या दुखण्याकडे येतो. पियानोतल्या सगळ्या तारांची ओढ मिळून कित्येक टनांची. युरोपातले कारागीर लाकडी सांगाड्यावर ती पेलत. पण बोस्टनच्या दमट उन्हाळ्यात लाकूड फुगायचं, हिवाळ्यात शेकोटीने तापलेल्या खोलीत सुकून आकसायचं आणि सूर उतरायचा. आल्फियस बॅबकॉकने १८२५ मध्ये चौकोनी पियानोसाठी बिडाच्या अखंड चौकटीचं पेटंट घेतलं. त्याचं नाव आज मागे पडलंय, ते मला बोचतं. पण त्याला १८३७ मध्ये आपल्या कारखान्यात घेतलं ते चिकरिंगनेच. पुढे १८४० मध्ये चिकरिंगने स्वतःच्या चौकटीचं पेटंट मिळवलं आणि १८४३ मध्ये मोठ्या ग्रँड पियानोसाठीही.

मुंबईत एकदा एका जुन्या पियानोचं झाकण उघडलेलं पाहिलं. आत सोनेरी रंगाची चौकट, तिच्यावर ताणलेल्या तारांच्या रांगा. बोटाने हलकेच टिचकी मारली तर सगळ्या तारा मिळून कितीतरी वेळ गुणगुणत राहिल्या. तू हवा होतास तिथे.

चिकरिंगच्या धंद्याची बाजू त्याचा भागीदार कॅप्टन जॉन मॅके सांभाळायचा. त्याची जहाजं पियानो घेऊन दक्षिण अमेरिकेला जायची आणि येताना पियानोचं उंची लाकूड आणायची. १८४१ मध्ये मॅके अशाच एका सफरीवर निघाला, तो परतलाच नाही. चिकरिंगने एकट्याने सगळं पेललं. मग १ डिसेंबर १८५२ ला कारखाना जळून खाक झाला. त्याने लगेच ट्रीमाँट स्ट्रीटवर प्रचंड मोठी इमारत बांधायला घेतली, पण ती पुरी व्हायच्या आत, ८ डिसेंबर १८५३ ला तो गेला. काम मुलांनी तडीस नेलं. ती इमारत अजून उभी आहे, कलावंत राहतात तिथे.

रविवारी येतो. अडकलेल्या पट्ट्या तोवर तासू नकोस, मला आधी बघू दे.

तुझा,
अरुण