लग्नपत्रिकेतली ती एक ओळ

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

पत्रिकेचा नमुना मोबाईलवर मिळाला. तुझ्या आईनं तो दोनदा वाचला, मग मला मोठ्यानं वाचून दाखवला. सगळं नीट आहे. आजोबांचं नाव वर घेतलंस, मामाकडच्यांपैकी कुणी राहिलं नाही, मुहूर्ताची वेळही बरोबर आहे. फक्त तळाशी जी ओळ आहे, "आपली उपस्थिती हाच आमचा आहेर", ती ऐकली आणि माझं मन तिथंच अडकलं. फोनवर मी "ती ओळ काढ" एवढंच म्हणालो. तू म्हणालीस, "अण्णा, लोकांना उगीच भुर्दंड कशाला? आधीच सोयाबीनला भाव नाही." यावर मला बोलता येईना, कारण तुझं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून हे पत्र. बोलताना मला सुचत नाही, लिहिताना सुचतं.

कपाटात खालच्या फळीवर आपली आहेराची वही आहे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. लहानपणी तू तिच्या मागच्या पानावर चित्रं काढायचीस आणि आई रागवायची. त्या वहीत काय आहे ते तुला कधी नीट सांगितलं नाही. आपल्या घरातल्या प्रत्येक लग्नात कुणी काय केलं ते तिच्यात आहे. रोख 11, टॉवेल-टोपी. रोख 21, एक पातळ. एक ताट, एक तांब्या. गावचं नाव, माणसाचं नाव. त्या माणसाच्या घरी कार्य निघालं की तुझी आज्जी ती वही उघडायला लावायची. त्यानं 21 केले असतील तर आपण 51 करायचे. नेमके 21 परत करायचे नाहीत. आज्जी म्हणायची, बरोबरीचं केलं की नातं मिटलं, थोडं चढतं केलं की ते पुढं चालू राहतं. मग ते लोक आपल्या पुढच्या कार्यात आणखी थोडं चढतं करायचे. अशी ती वही कधी मिटलीच नाही, आणि मिटू नये म्हणूनच ती लिहिलेली होती.

आपल्यासारख्या पाच एकरवाल्याच्या घरी लग्न निघालं की एकदम पैसा कुठून यायचा? सावकाराकडे गेलं तर जमीन लिहून द्यावी लागायची. शंभर घरांनी थोडं थोडं केलं की मांडव, जेवण, पोरीची भांडी निघायची. त्याला व्याज नव्हतं आणि कुणी दारात येऊन तगादा लावत नव्हतं. फेडायचं तेही त्या घरच्या सुखाच्या दिवशीच. याला तू भुर्दंड म्हणतेस. माझ्या बापाला त्याचा आधार होता.

आता कपाटात आहे ती वही दुसरी आहे. पहिली गेली. ती कशी गेली ते सांगायलाच खरं तर मी लिहायला बसलो.

29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी होती. आम्ही पोरं मंडळाचा गणपती बोळवून रात्री उशिरा घरी आलो. मी अंगणात बाजेवर पडलो म्हणून आज आहे. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. आपली घरं तेव्हा माळवदाची. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर गार राहायचं, त्याचा आम्हाला अभिमान होता. तीच माती माणसांच्या अंगावर आली. किल्लारी-सास्तूरच्या त्या पट्ट्यात 52 गावं जमीनदोस्त झाली. तुझ्या आज्जीला आम्ही हातांनी माती उकरून काढलं, ती वाचली. शेजारच्या घरात कुणी वाचलं नाही. यापुढचं मी लिहीत नाही. तुला माहीत आहे, मी त्याबद्दल बोलत नाही.

वही आतल्या खोलीत भिंतीच्या देवळीत असायची. ती सापडली नाही.

1995 मध्ये तुझ्या आत्याचं लग्न ठरलं. आम्ही अजून पत्र्याच्या शेडमध्येच राहत होतो. आजोबा रात्र रात्र जागायचे. म्हणायचे, कुणाकडं आपलं काय आहे ते सांगायला कागद नाही, आणि असता तरी कुणाला कुठल्या तोंडानं सांगायचं? वहीतली कितीतरी माणसंच राहिली नव्हती. लग्नाच्या दिवशी शेडसमोर मांडव घातला. माणसं आली. एक म्हातारा बसनं दोन गाड्या बदलून आला आणि म्हणाला, "माझ्या थोरलीच्या लग्नात तुम्ही 51 आणि लुगडं केलं होतं. हे 101 लिहून घ्या." आजोबांना ते आठवतही नव्हतं. असे किती तरी जण आले. प्रत्येकानं आपापलं स्वतःहून सांगितलं.

मग वरच्या आळीतला एक पोरगा आला. बारा वर्षांचा असेल. आई, बाप, दोन बहिणी, सगळे त्या रात्री गेलेले. चुलत्यानं सांभाळला होता. त्यानं 11 रुपये पुढं केले आणि म्हणाला, "बाबांच्या नावानं लिहा." आजोबांनी त्याचा हात धरला. म्हणाले, "लेकरा, तू जेव, हे राहू दे." पोरगं हललं नाही. पैसे पुढंच धरून उभं राहिलं. पुन्हा तेच म्हणालं, बाबांच्या नावानं लिहा. मी बाजूला नवी वही घेऊन बसलो होतो. आजोबांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "लिही." मी त्याच्या बापाचं पूर्ण नाव लिहिलं, पुढं गाव, पुढं रोख 11. त्यानं वाकून ते अक्षर वाचलं आणि मगच पंगतीला गेला.

ते पैसे घेतले नसते तर त्याचं घर वहीतूनही उठलं असतं. आजोबांना ते कळलं, मला कळायला बरीच वर्षं गेली.

तो पोरगा म्हणजे कोण ते तुझ्या ध्यानात आलं असेल. तू बारावीला असताना परीक्षेच्या वेळी मोटारसायकलवर लातूरला सोडायला येणारे काका. त्यांच्या लग्नात मी चढतं केलं, पोराच्या बारशाला केलं. तुझं लग्न ठरल्याचं कळल्यापासून ते माझ्याकडे दोनदा येऊन गेले. ताईला काय लागतंय, पुण्यात फ्रीज आहे का, असं विचारत होते. आता मी त्यांच्या हातात पत्रिका द्यायची आणि तिच्यावर लिहिलेलं असणार की तुमचं काही नको. ताई, माझ्यानं ते होणार नाही.

यातलं वाईट काय आहे तेही मला ठाऊक आहे. माईकवरून आहेर पुकारायची पद्धत मला कधीच आवडली नाही. "अमक्याकडून रोख पाच हजार एक", की सगळा मांडव वळून बघतो. मग ज्याच्या खिशात शंभर आहेत तो काय करतो? एका लग्नात मी एका माणसाला जेवण सोडून मागच्या मागं निघून जाताना पाहिलं आहे. माझ्या ओळखीचा, फार भला माणूस. त्या वर्षी त्याची पेरणी दोनदा मोडली होती. त्याची पाठ अजून डोळ्यांसमोर येते. तसंच ते टॉवेल-टोप्यांचे ढीग. या लग्नातून त्या लग्नात फिरतात, कुणाच्या अंगाला लागत नाहीत. हे दोन्ही आपल्या मांडवात होणार नाही, तुला शब्द देतो. माईकवर मंगलाष्टकं होतील, आहेर पुकारला जाणार नाही. मानापानाच्या कापडांचा ढीग नको, हे मी सोयऱ्यांनाही आधीच सांगून ठेवतो. दाराजवळ एक टेबल, वही आणि लिहायला तुझा भाऊ. ज्याला लिहायचं तो लिहील. नुसता येऊन जेवून जाईल त्यालाही तेवढंच बोट लावून गंध आणि तेवढाच मान.

आणि सगळंच वहीत घालायचं असतं असंही मी म्हणत नाही. येत्या अमावस्येला येळवस, म्हणजे आपली वेळ अमावस्या आहे, शेतात जाऊन पूजा आणि जेवण करायचा सण. त्या दिवशी वहीचा संबंधच नाही. तुला आठवतं ना, आदल्या रात्री आई आणि काकू भज्जीसाठी, त्या मिसळीच्या भाजीसाठी, शेंगा सोलत बसायच्या. तूर, वाटाणा, वाल, हिरवा हरभरा, जे जे शेतात असेल ते. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि ज्वारीची ताकातली आंबील. ती बिंदगीत, म्हणजे लहान मडक्यात, भरून डोक्यावर शेतात न्यायची. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, लहानशी खोपटीच, आत पाच पांडव म्हणून चुना लावलेले पाच दगड, पूजा, मग पिकात चर, म्हणजे नैवेद्यातलं थोडं, शिंपायचा. त्यानंतर आजोबा बांधावर उभे राहून रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही हाक मारायचे. ज्याला स्वतःचं शेत नाही त्याला चार ठिकाणची बोलावणी असायची. शाळेत नव्यानं आलेले गुरुजी, बँकेतले परगावचे साहेब, सगळे कुणाच्या ना कुणाच्या कोपीपाशी जेवत. त्या दिवशी अर्धं लातूर शहर शेतात असतं. कुणी किती खाल्लं हे कुणी लिहून ठेवत नाही.

शिलाईवाले चाचा दर येळवशीला आपल्याकडे यायचे, तू त्यांच्या मांडीवर बसून आंबील प्यायचीस. ईदला त्यांच्या घरून शिरखुर्म्याचा डबा यायचा. आई तो डबा रिकामा कधी परत करत नसे. गूळ, भुईमुगाच्या शेंगा, काहीच नसलं तर मूठभर तीळ. चाचा जाऊन सहा वर्षं झाली, डबा अजून येतो. आता त्यांची सून पाठवते. मागच्या वेळी तो सोयाबीनच्या गडबडीत महिनाभर आपल्याकडे राहिला, तेव्हा आई किती अस्वस्थ होती. शेवटी स्वतः तिळाच्या पोळ्या करून देऊन आली.

तू विचारशील की पुण्यात राहून ही वही मी कशी सांभाळणार? मी हिंडता-फिरता आहे तोवर तुझ्या वतीनं मी जाईन. पुढं भाऊ जाईल. तू फक्त एवढं कर, लग्न झाल्यावर एकदा सवडीनं बसून ती वही वाच. कोण कुठून आलं होतं ते बघ. कधी सुट्टीला गावी आलीस आणि त्यातलं कुणी भेटलं, तर नाव घेऊन बोल.

जमलं तर येळवशीला या. जावईबापूंना आणि त्यांच्या आई-वडिलांनाही घेऊन ये, त्यांच्याकडे नाशकात हा सण नसतो. या वर्षी हरभरा चांगला आहे, कोप विहिरीजवळच्या तुकड्यात करायची म्हणतोय. संध्याकाळी हेंडगा, म्हणजे पेंढीचा पलिता, पेटवून पिकाभोवती फिरवतात तोवर थांबायला सांग, दुपारी जेवून लगेच निघू नका.

पत्रिका छापायला टाकायच्या आधी मला फोन कर. रात्री आठनंतर कर, या आठवड्यात शेतीला दिवसाची लाईट आहे आणि मी विहिरीच्या मोटारीवर असतो. काकांना आमंत्रण द्यायला मी स्वतः जाणार आहे, पहिली पत्रिका देवाला आणि दुसरी त्यांना.

तुझे
अण्णा