शेजाऱ्यांना सामील करायचे की नाही, हे पाणी चढण्याआधी ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून उजाडला की सांगलीतील नदीकाठच्या घरांमध्ये एक हिशेब कोणी न सांगता सुरू होतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, हे येथे शाळकरी मुलांनाही पाठ असते. पण त्याखेरीज प्रत्येक घराचा स्वतःचा एक आकडा असतो. पुलापाशी किती फूट झाले की आपल्या बोळाच्या तोंडाशी पाणी येते, किती फुटांना पहिली पायरी बुडते आणि किती फुटांना माणसे घेऊन बाहेर पडायचे, हे घरातल्या कर्त्या माणसाला ठाऊक असते. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता या बाजूला पाणी आधी शिरते, गावभाग आणि मारुती चौकाच्या परिसरात पुढे. त्या आकड्याप्रमाणे जो तो आपापली तयारी करतो. या तयारीत शेजाऱ्याला धरायचे की नाही, या प्रश्नावर आमच्या इमारतीच्या गेल्या बैठकीत बराच वाद झाला आणि तो अर्धवट राहिला. हा प्रश्न आमच्या एका इमारतीपुरता नसल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मी हलके समजत नाही, कारण २०२१ पर्यंत माझेही मत तेच होते. आपल्याकडे किती शिधा आहे, इन्व्हर्टर किती तास चालतो, जादा सिलिंडर आहे की नाही, हे चारचौघांना सांगितले तर वेळेला सगळे आपल्याच दारात येतील आणि कोणाला नाही म्हणता येणार नाही, ही भीती खरी आहे. घर सोडून आपण कुठे आणि कधी जाणार हे सांगणे म्हणजे कुलूप लावलेल्या घराची जाहिरात करणे, असेही एका सभासदाने सांगितले. पुराच्या दिवसांत कित्येक कुटुंबे केवळ चोरीच्या धास्तीने घर सोडत नाहीत, हे पाहता त्यांचेही चुकले असे म्हणवत नाही. शिवाय पार्किंगवरून किंवा मेंटेनन्सवरून ज्यांच्याशी वर्षभर बोलणे नाही, त्यांच्याशी एकदम जिवाभावाच्या गोष्टी कशा बोलायच्या?

तरीही माझे मत बदलले, आणि ते कोणाच्या भाषणाने बदलले नाही. जुलै २०२१ मध्ये आम्ही दोघे पती-पत्नी दुसऱ्या मजल्यावर पूर्ण तयारीत होतो. वीस लिटरचे पिण्याच्या पाण्याचे दोन जार, भरलेला सिलिंडर, पंधरा दिवसांची औषधे, कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत. कोयनेतून विसर्ग वाढवल्याचे २३ तारखेला संध्याकाळीच आम्हाला समजले होते. तळमजल्यावर भाड्याने राहणाऱ्या कुटुंबालाही ते समजले असेलच, असे आम्ही धरून चाललो आणि नऊ वाजता दार लावून घेतले. रात्री दोनच्या सुमारास खालून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. जिन्यातून बॅटरी टाकली तेव्हा तळमजल्याच्या उंबऱ्याला पाणी लागले होते, आणि त्या घरातला मुलगा एकटाच फ्रिज टेबलावर चढवण्याची खटपट करत होता. आत त्याची आजी अंथरुणाला खिळलेली होती. त्यांना कोणीही काही सांगितले नव्हते. इमारतीचा जो व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात फक्त सदनिकाधारक आहेत.

त्या आजींना आम्ही पाच जणांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, पोटाभोवती लुगड्याचा वेढा घालून वर आणले. जिन्याच्या वळणावर खुर्चीचे मागचे पाय कठड्यात अडकले. खुर्ची तिरकी करावी तर त्या घसरत होत्या, सरळ धरावी तर वळत नव्हती. शेवटी एकाने पाठ कठड्याला टेकवून खुर्चीचा सगळा भार छातीवर घेतला आणि बाकीच्यांनी ती फिरवली. एका मजल्याला वीस मिनिटे लागली. हेच काम सात-आठ तास आधी, उजेडात आणि कोरड्या जिन्यावर, दोन माणसांनी झाले असते. इतक्यात कोणाच्या तरी लक्षात आले की पाणी मीटरच्या खोलीत शिरत आहे आणि मेन स्विच अजून चालू आहे. त्या खोलीची किल्ली कोणाकडे होती? तळमजल्यावरच्या त्याच भाडेकरूंकडे, कारण पाण्याची मोटर चालू-बंद करण्याचे काम ते करत. आमच्या पंधरा दिवसांच्या तयारीत त्या किल्लीची नोंदच नव्हती. आपली तयारी आपल्यापुरती पूर्ण आहे असे मी समजत होतो, आणि संपूर्ण इमारतीचा जीव ज्या वस्तूवर अवलंबून होता, ती वस्तू मी ज्यांना काही सांगितले नव्हते त्यांच्या खिळ्याला टांगलेली होती.

तेव्हा सामील करायचे की नाही, हा प्रश्न मला आता वेगळा दिसतो. एका जिन्याचे, एका मीटरखोलीचे, एका गच्चीवरच्या टाकीचे वाटेकरी आधीच एकमेकांच्या तयारीत गुंतलेले असतात. ठरवायचे उरते ते इतकेच, की कोणती गोष्ट सांगायची, कोणती स्वतःपाशी ठेवायची आणि वाटून घेण्याची मर्यादा कुठे आखायची.

पाण्याचेच उदाहरण घ्या. दर माणशी दिवसाला पिण्यासाठी आणि थोड्याफार स्वयंपाकासाठी चार लिटर धरले, तर आमचे चाळीस लिटर आम्हा दोघांना पाच दिवस पुरले असते. त्या रात्री आमच्या घरी नऊ माणसे झाली आणि तेच पाणी एका दिवसाहून थोडे अधिक पुरेल इतके उरले. नऊ माणसांना सहा दिवसांसाठी अकरा जार लागतात. हे आकडे पाहून कोणी म्हणेल की म्हणूनच कोणाला घरात घेऊ नये; पण दारात उभ्या असलेल्या माणसाला परत पाठवणे आपल्याच्याने होत नाही, हे आपण सगळे जाणतो. माणसे येणारच आहेत, मग ती आपापले जार घेऊन यावीत यासाठी त्यांच्याशी जूनमध्येच बोललेले बरे. ‘आमच्याकडे सहा माणसांना झोपायला जागा आहे, पाणी आणि औषधे तुमची तुम्ही आणा’ हे वाक्य जूनमध्ये बोलायला अवघड वाटते खरे, परंतु रात्री दोन वाजता ते बोलताच येत नाही.

सांगण्याच्या गोष्टी फार नाहीत. घरात माणसे किती, आधाराशिवाय जिना चढू न शकणारे कोण, इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावे लागते किंवा ऑक्सिजनचे यंत्र विजेवर चालते असे घर कोणते, कुलुपाची दुसरी किल्ली कोणाकडे, आणि गाव सोडून गेलोच तर कोणत्या नातेवाइकाच्या क्रमांकावर सापडू. दागिने कुठे ठेवले, घरात रोख किती, हे कोणी विचारूही नये. चोरीची भीती असेल तर ती एका विश्वासाच्या शेजाऱ्याला किल्ली दिल्याने कमी होते, असे मला वाटते. निदान घराकडे पाहणारा एक डोळा तरी राहतो.

मात्र शेजाऱ्यांना सामील करण्यात एक धोका आहे आणि बैठकीत त्याचा उल्लेख कोणीच केला नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आम्ही सगळे एकमेकांच्या भरवशावर थांबलो. आमच्या जिन्यात २००५ च्या पुराची खूण आहे. त्या वर्षी आयर्विनला पाणी ५३ फुटांच्या वर गेले होते. २०१९ ला पाणी त्या खुणेच्या दिशेने चढत असताना तिसऱ्या मजल्यावरचे एक अनुभवी गृहस्थ रोज खाली येऊन खूण पाहत आणि म्हणत, “दोन हजार पाचला इथवर आलं होतं, याच्या वर काय जात नाही.” त्यांच्या शब्दाला मान होता, म्हणून जायला निघालेली दोन कुटुंबे सामान पुन्हा वर घेऊन गेली. पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. त्यानंतर वीज नाही, नळ नाही, दुधाच्या पिशवीसाठीसुद्धा बोटीची वाट पाहायची, अशा अवस्थेत आम्ही सहा दिवस काढले. त्या गृहस्थांना मी दोष देत नाही, कारण त्यांनी जे पाहिले होते तेच ते सांगत होते. पण शेजार माणसाला जसा वाचवतो तसा तो अडकवूनही ठेवतो. ‘ते जात नाहीत तर आपण कशाला’ या एका वाक्यावर अख्खा बोळ थांबतो. त्यामुळे शेजाऱ्यांशी आधी बोलायचे असेल तर पहिला ठराव निघण्याच्या आकड्याचा असावा: आयर्विनला अमुक फूट झाले की तळमजला वर किंवा विश्रामबागेकडे नातेवाइकांकडे जाईल, अमुक फूट झाले की वृद्ध, आजारी आणि लहान मुले इमारत सोडतील, मग आकाश निरभ्र असले तरी. हा आकडा कोरड्या दिवसात, कोणाच्याही अनुभवाच्या दबावाखाली न येता ठरला पाहिजे.

सगळ्यांनी शेवटच्या घटकेपर्यंत थांबायचे आणि मग एकदम निघायचे, याची किंमत या जिल्ह्याने मोजली आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळला गावातली माणसे बाहेर काढणारी बोट उलटली आणि स्त्रिया व मुलांसह अनेकांचा जीव गेला. त्या गावाने आपल्याकडची बोट आपल्या माणसांसाठी काढली होती. तिथे जे घडले त्याबद्दल त्या गावकऱ्यांना शब्दानेही बोल लावण्याचा अधिकार कोणाला नाही. मला त्यातून एवढेच दिसते, की पहिल्या फेरीत कोण, दुसऱ्या फेरीत कोण, हे बोट काठाला लागल्यावर ठरवता येत नाही.

हे काम शासनाचे आहे, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ पासून आहे, जिल्हा नियंत्रण कक्ष आहे, १०७७ आणि ११२ हे क्रमांक आहेत, असेही कोणी म्हणेल. शासनाने आपले काम करावेच. २०१९ ला एनडीआरएफ, लष्कर आणि नौदलाची पथके आली व त्यांनी हजारो माणसांना बाहेर काढले, याचे ऋण सांगलीकर विसरणार नाहीत. परंतु तेव्हा कोल्हापूरजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली होता आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येक पथकाला वाट शोधत यावे लागले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत घरे कोसळली तेव्हाही दगडमातीला पहिला हात लावला तो वाचलेल्या गावकऱ्यांनी आणि शेजारच्या गावांनी. पुरात तर कोयनेचे पाणी आमच्यापर्यंत यायला कित्येक तास लागतात. भूकंपग्रस्तांना न मिळालेला हा वेळ आम्हाला मिळतो आणि आम्ही तो दार लावून घालवतो.

शेजारी कोणाला म्हणायचे, हाही विचार करावा लागेल. एकाच फुटाला बुडणारी घरे एकमेकांना निरोप देऊ शकतात, सामान उचलू लागू शकतात, पण आसरा देऊ शकत नाहीत. तळमजल्याला वरच्या मजल्याचा शेजार हवा, बैठ्या घरांच्या बोळाला पलीकडच्या पक्क्या इमारतीचा, आणि सांगलीवाडी किंवा हरिपूरकडे ज्यांच्या दावणीला म्हशी आहेत त्यांना उंचावरच्या एखाद्या मोकळ्या आवाराच्या मालकाचा. जनावरे कुठे न्यायची हे ठरलेले नसले की घरचा माणूस घर सोडत नाही, हे दरवेळी दिसते. हे शेजार भिंतीला भिंत लागून मिळत नाहीत. ते पावसाळ्यापूर्वी जाऊन जोडून यावे लागतात.

सोसायटीच्या नोंदवहीत भाडेकरू नसतात, वरच्या खोलीत राहणारे विद्यार्थी नसतात, दुकानामागे राहणारे परप्रांतीय कामगार तर कुठल्याच यादीत नसतात. या सगळ्यांची नावे एका ठिकाणी मात्र नक्की सापडतात, ती म्हणजे गल्लीतल्या गणेश मंडळाच्या वर्गणीच्या वहीत. वर्गणी गोळा करणारी मुले प्रत्येक दार वाजवतात आणि कोणत्या घरात कोण राहते हे त्यांना महापालिकेपेक्षा नेमके माहीत असते. पूर ओसरल्यावर चिखल काढायला हीच मुले सर्वांच्या पुढे होती. मंडळांनी हीच फेरी गणपतीच्या आधी दोन महिने, जूनमध्ये एकदा मारावी आणि वहीत माणसांची संख्या व आजारपणाचा एक रकाना वाढवावा, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणे आहे. पावसाळ्यात आपण रोज आयर्विनची पातळी आणि कोयना, वारणा धरणांचा विसर्ग छापता, त्याचा आम्हाला मोठा आधार असतो. त्याच चौकटीत, आयर्विनला किती फूट झाले की कोणत्या भागात व कोणत्या गल्लीत पाणी येते, याचा तक्ता महापालिकेकडून घेऊन जूनच्या पहिल्या आठवड्यात ठळक छापावा. ज्यांनी २०१९ पाहिला नाही आणि जे त्यानंतर या काठावर राहायला आले, त्यांना आपल्या दाराचा आकडा दुसरे कोण सांगणार?

आमच्या इमारतीतला वाद मिटलेला नाही. दोन कुटुंबांनी यादीत माहिती देण्यास नकार दिला आहे आणि तो त्यांचा अधिकार आहे. त्यांना निरोप द्यायचा, इतके आम्ही ठरवले आहे. मीटरखोलीच्या किल्ल्या आता तीन असून त्या तीन वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत. तळमजल्यावर मे महिन्यात नवे भाडेकरू आले. त्यांच्यात एक वर्षाचे बाळ आहे. त्यांचा क्रमांक ग्रुपमध्ये घातला असून ४२ फुटांना त्यांनी आमच्याकडे वर यायचे, असे ठरले आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक,
गावभाग, सांगली